विचार केलात, विचारले नाहीत

रविवार, दिनांक १२ नोव्हेंबर १९९५ रोजी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, अलीगंज, लखनऊ येथील माझ्या मालकीच्या घरात, मी माझ्या पलंगावर बसलेली असताना, एका परक्या गृहस्थाने माझ्या खोलीचे माप घेतले. लांबी बारा फूट, रुंदी दहा फूट चार इंच. पलंग मापात धरला नाही. मलाही धरले नाही.

या प्रकारानंतर बारा दिवसांनी मी, श्रीमती सुचित्रा बाळकृष्ण हळबे, वय वर्षे त्रेसष्ट, निवृत्त कार्यालय अधीक्षक, हे माझे पहिले आणि बहुधा शेवटचे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण कसे आणायचे हे या घरात मीच शिकवले, त्यामुळे ते आले तर मला लगेच ओळखू येते.

वकीलसाहेबांनी सुचवले की मृत्युपत्र हिंदीत किंवा इंग्रजीत असावे, कोर्टाला सोयीचे पडते. हे मराठीत आहे याचे कारण असे की माझा मुलगा अनीश इंग्रजी आणि हिंदी भराभर वाचतो व मराठी सावकाश वाचतो. त्याने हे सावकाश वाचावे अशी माझी इच्छा आहे. अक्षरे मोठी आहेत आणि जाड काळ्या पेनाने लिहिली आहेत. त्याचे कारण कलम ७ मध्ये येईल.

कलम १. घडलेला प्रकार.

ज्यांना हे घर ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे १९७१ सालापासून दर रविवारी सकाळी दहा वाजता घराची बैठक होते. शनिवारी संध्याकाळी विषयपत्रिका फ्रिजवर लागते. विषय दोन प्रकारचे असतात: 'निर्णयासाठी' आणि 'माहितीसाठी'. निर्णयासाठी असलेल्या विषयावर सर्वांनी बोलायचे. माहितीसाठी असलेला विषय फक्त ऐकायचा, कारण तो आधीच ठरलेला असतो. मधल्या आठवड्यात काही निघाले तर ते टिपण फाईलमध्ये घालून प्रत्येकापुढे फिरते. वाचून झाल्यावर खाली 'पाहिले' लिहायचे, आद्याक्षर आणि तारीख घालायची. सात दिवसांत लेखी हरकत आली नाही तर संमती धरली जाते.

हा सात दिवसांचा नियम माझा आहे. माझे पती कै. बाळकृष्ण हळबे रेल्वेत इंजिनिअर होते. रूळ, पूल, सिग्नल याबाबत ते क्षणात निर्णय घेत. घरातल्या कोणत्याही प्रश्नावर मात्र "बघू" म्हणत. स्वयंपाकघराच्या खिडकीला जाळी बसवण्याचा विषय "बघू" या अवस्थेत चौदा महिने होता. त्यानंतर मी नियम केला.

१२ नोव्हेंबरची बैठक माझ्या खोलीत होती, कारण जेवणाच्या टेबलावर माझ्या नातीने, पूर्वाने, शाळेसाठी केलेला, इथल्या रूमी दरवाजा या नबाबी वेशीचा थर्मोकोलचा नमुना वाळत होता. अनीश, त्याची पत्नी सलोनी, पूर्वा आणि मी असे चौघे हजर. गॅस सिलिंडर कोणी नोंदवायचा हे ठरले. पूर्वाच्या गणिताचे ठरत होते, इतक्यात घंटी वाजली. सलोनी उठली आणि एका सफारी सूटातल्या गृहस्थाला घेऊन आली. हे विष्णू अवस्थी, घरांच्या खरेदी-विक्रीत मध्यस्थी करतात. त्यांच्या हातात स्टीलचा फीता होता.

ते मला म्हणाले, "प्रणाम माताजी. इजाज़त हो तो ज़रा अलमारी के पीछे से नाप लूँ?"

मी म्हटले, "किसलिए?"

त्यांनी अनीशकडे पाहिले. अनीशने फ्रिजकडे पाहिले, जो त्या खोलीतून दिसतही नाही.

"आई, ते ठरलंय ना आपलं," तो म्हणाला. "फाईलमध्ये होतं. तू पाहिलंस."

"काय ठरलंय?"

"दिल्ली."

सलोनीने फाईल आणून दाखवली आणि वाचूनही दाखवली. दिनांक २९ ऑक्टोबर, माहितीसाठी: 'श्री. अनीश यांना कंपनीने बढतीवर दिल्लीस पाठवले असून दिनांक १ जानेवारीस तेथे रुजू व्हावयाचे आहे. सदर घर विकून सर्वांनी दिल्लीस राहावयास जावे. आईंचा पूर्ण विचार केला आहे.' त्याखाली माझे अक्षर. पाहिले. सु. ३०/१०.

मी म्हटले, "सलोनी, मला विचारलं होतंत?"

"हाँ आईजी, विचार किया न. पूरा विचार किया. खिड़की वाला कमरा आप ही के लिए रखा है."

"विचार केलात. विचारलंत का?"

"वही तो बता रही हूँ, आईजी."

अवस्थी फीता अर्धा उघडून उभे होते. ते हळूच म्हणाले, "भाभीजी, मैं फिर कभी आ जाऊँ?"

"नाही, घ्या माप," मी म्हटले. "आलाच आहात तर नीट घ्या. पलंगाखालचं पण घ्या."

अनीश म्हणाला, "आई, चिडू नकोस. नियम तुझाच आहे. सात दिवस झाले, हरकत आली नाही."

त्याचे म्हणणे नियमाला धरून होते. मी बैठक तहकूब केली. तेव्हापासून बैठक झालेली नाही. चोवीस वर्षांत दोनच रविवार चुकले होते, एक लग्नाचा आणि एक मरणाचा. हा तिसरा. १९ तारखेला फ्रिजवर कोरा कागद होता आणि त्याला चुंबक मात्र लावलेले होते.

त्या दिवशी त्या खोलीत माझी परवानगी एकाच माणसाने मागितली, आणि तो फीतेवाला होता. याची नोंद व्हावी.

कलम २. ही पद्धत कशी आली.

माझ्यामागे नातेवाईक म्हणतील की सुचित्राने घराची कचेरी केली. त्यांनी तेव्हाचे घर पाहिलेले नाही. पती लाइनवर, मी नोकरीवर, मुलगा अकरा वर्षांचा, आणि दूधवाल्या भैयाला तिघांनी तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगितलेल्या. एका उन्हाळ्यात आमच्याकडे सहा दिवस दूधच आले नाही आणि सातव्या दिवशी नऊ शेर आले. त्याच आठवड्यात सासूबाईंचे पत्र गव्हाच्या डब्यात सापडले. ते आजाराचे पत्र होते आणि दोन महिने जुने होते.

त्या दिवशी मी आवक-जावक नोंदवही घातली. घरात येणारे प्रत्येक पत्र आवकमध्ये, जाणारे जावकमध्ये, क्रमांक घालून. नंतर एकही पत्र हरवले नाही. सासूबाईंना या घरातून दर पंधरा दिवसांनी पत्र गेले आणि त्या गेल्या तेव्हा उत्तराविना पडलेले त्यांचे एकही पत्र नव्हते. हे प्रेम नाही असे ज्यांना वाटते त्यांनी आपापले गव्हाचे डबे तपासावेत.

नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनेडिक्टा आम्हाला टंकलेखन आणि पत्रव्यवहार शिकवीत. पत्र लिहून झाले की त्या उठवायच्या आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीत बसवायच्या. "आता हे पत्र तुला आलंय असं समजून वाच," म्हणायच्या. मी हे ऑफिसात बत्तीस वर्षे केले. घरात करायचे राहिले, ते कलम ८ मध्ये.

अनीशला लहानपणी रात्रीच्या जेवणाला यायचे नसेल तर रजेचा अर्ज द्यावा लागे. त्याचे सर्व अर्ज माझ्याकडे आहेत. एकात कारण दिले आहे, 'आज भेंडी आहे'. ती रजा मी मंजूर केली होती. ही फाईल अनीशला मिळावी.

कलम ३. पूर्वा अनीश हळबे हिला.

माझा इंग्रजी टाईपरायटर, त्याच्या झाकणासह. कळांकडे न पाहता टाईप करायला मी तिला शिकवले आहे, हातांवर रुमाल टाकून. डाव्या हाताची करंगळी आळशी आहे, तिने ती सोडू नये. तसेच बँकेत माझ्या नावे जे असेल ते तिच्या शिक्षणासाठी. पूर्वाला मराठी समजते, पण ती हिंदीत उत्तर देते. तिने 'ळ' चा उच्चार करायला शिकावे. अट नाही, विनंती आहे. अटी मी मोठ्यांना घालते.

कलम ४. सौ. कांचन, माझी नणंद, अकोला, हिला.

माझ्या जेवणाच्या टेबलावरची पितळी घंटी. १९८२ च्या दिवाळीत ही घंटी वाजवून मी सर्वांना फराळाला बोलावले तेव्हा वन्सं अठरा माणसांसमोर म्हणाल्या, "वहिनी, आता चपराशी पण ठेवा, म्हणजे कुंकू लावायला फाईल पाठवता येईल." अठरा माणसे हसली. माझे पतीही हसले, पण त्यांनी तोंडावर हात धरला, म्हणून त्यांना माफ केले. वन्सं, घंटी घ्या. वाजवून बघा कोणी येते का. आमच्याकडे येत असत.

कलम ५. श्री. नरेंद्रनारायण माथुर, शेजारी, यांना.

काही नाही. वकीलसाहेब म्हणतात की जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला मृत्युपत्रातून काही देता येत नाही. माथुरसाहेबांना मी पेरूचे झाड देणार होते, कारण त्याच्या अर्ध्या फांद्या अठरा वर्षे त्यांच्या अंगणात आहेत आणि पेरू त्यांच्या घरी पिकतात हे मला ठाऊक आहे. त्यांना पर्याय दिला: झाड किंवा सही. ते म्हणाले, "बहनजी, पेड़ तो वैसे भी हमारा है, दस्तख़त कर देते हैं." अशा वृत्तीच्या माणसाला साक्षीदार घेणे मी सुरक्षित समजते.

कलम ६. सौ. सलोनी, माझी सून, हिला.

माझ्या सोन्याच्या पाटल्या, मोत्याची नथ आणि इतिवृत्ते लिहिण्याचे शाईचे पेन.

सलोनी लखनऊची. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. मी तिला इतिवृत्त लिहायला बसवले. बारा वर्षे तिने दर रविवारच्या बैठकीत काय बोलले गेले ते मराठीत लिहून काढले, आणि तिची मराठी तिथूनच आली. त्यामुळे ती पूर्वाला म्हणते, "सदर डाळ जळली आहे, उपरोक्त भात खा." भाजीवाल्याला एकदा म्हणाली, "भैया, प्रस्तुत गोभी ताज़ी नहीं है." तो तेव्हापासून तिला वकील समजतो.

म्हणून १२ तारखेला तिने जे केले ते मी या मृत्युपत्राद्वारे तिच्या नावावरून पुसून टाकते. हिंदीत 'विचार करना' आहे, पण आमच्यासारखे 'विचारणे' नाही. एखाद्याबद्दल चांगले योजणे आणि त्याच्या तोंडून ऐकणे यांना आमच्या भाषेत जवळजवळ एकच शब्द आहे, आणि इतिवृत्तात या दोहोंतला फरक कधी आला नाही. फरक बोलताना कळतो. मी तिला लिहायला शिकवले. बोलायला बसवले नाही. तिने लिहिले, 'आईंचा पूर्ण विचार केला आहे'. ते खरे होते. माझ्यासाठी खिडकीची खोली तिने भांडून घेतली हे मला पूर्वाकडून कळले आहे.

अनीशला ही सवलत नाही. त्याला दोन्ही शब्द येतात.

कलम ७. अक्षरे मोठी का आहेत.

माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. मार्च महिन्यापासून मला छापील किंवा हातचे बारीक अक्षर वाचता येत नाही. हे मी कोणालाही सांगितले नाही. ज्या बाईने चोवीस वर्षे सगळ्यांना 'वाचून मग सही करा' म्हणून छळले, तिने हे कसे सांगायचे.

मार्चपासून माझ्यापुढे आलेल्या प्रत्येक कागदावर मी अंदाजाने 'पाहिले' लिहिले. कागदाच्या खाली उजव्या कोपऱ्यात पेन टेकवायचे, हाताला सवय आहे. अशा रीतीने मी पूर्वाच्या सहामाहीतल्या गणिताच्या गुणांना, पाहुण्यांच्या खोलीच्या मोरपंखी रंगाला आणि लोणच्यात साखर घालण्याच्या प्रस्तावाला संमती दिली. लोणचे खाल्ल्यावर मला शंका आली होती.

३० ऑक्टोबरलाही मी तेच केले. मी 'पाहिले' लिहिले आणि पाहिले नव्हते. याबाबत अनीशचा दोष नाही. त्याचा दोष एवढाच की एकाच घरात राहून, एका टेबलावर जेवून, त्याने माझ्या आयुष्यातली एवढी मोठी गोष्ट फाईलमधून पाठवली. आणि फाईलमधून पाठवण्याची पद्धत त्याला कोणी शिकवली हे मला विचारायची गरज नाही.

डॉक्टरांकडे मी परवा माथुरसाहेबांच्या पत्नीबरोबर जाऊन आले. उजव्या डोळ्याचे ऑपरेशन दिनांक ५ डिसेंबरला आहे. रजेचा अर्ज यासोबत जोडला आहे.

कलम ८. वही क्रमांक ८, सन १९७८.

१२ तारखेच्या दुपारी मी इतिवृत्तांच्या सगळ्या वह्या, फाईलमधली टिपणे नंतर ज्यांत चिकटवली जातात त्या, माळ्यावरून उतरवल्या. मला अनीशविरुद्ध दाखला हवा होता. एवढा मोठा विषय या घरात कधीही 'माहितीसाठी' म्हणून आलेला नाही, हे मला त्याच्या तोंडावर सिद्ध करायचे होते. वाचता येत नसल्याने मी पूर्वाला बोलावले. लिपी तीच असल्यामुळे ती मराठी घडाघडा वाचते, अर्थ अर्धाच लागतो.

१९७८ च्या वहीत ती थांबली. "आजी, ये वाला बड़ा है. बालकृष्ण आजोबा का."

"बाळकृष्ण."

"वही. पढ़ूँ?"

तिने वाचले. माहितीसाठी: 'श्री. हळबे यांनी भुसावळ येथे बदली मागणारा अर्ज करू नये असे ठरले आहे. येथील घर नुकतेच नावावर झाले असून सौ. हळबे यांना अधीक्षकपदी बढती मिळाली आहे. श्री. हळबे यांच्या वडिलांना इकडे आणण्याचा विचार केला आहे.'

ते माझे अक्षर होते. मला ते दिसत नव्हते, तरी ते माझेच होते हे वाक्यांवरून ओळखू आले.

माझे सासरे अकोल्यात एकटे होते (कांचन वन्सं तेव्हा तिकडे नव्हत्या) आणि आजारी होते. बाळकृष्णांना तिकडच्या जवळ जायचे होते. ते महिनाभर "बघू" म्हणत होते. मी त्यांच्यासाठी ठरवून टाकले आणि मंगळवारी फाईल पुढे सरकवली. त्यांनी 'पाहिले. बा.' लिहिले. सात दिवसांत हरकत आली नाही. मी ती त्यांची संमती धरली आणि पुढे अकरा वर्षे, ते जाईपर्यंत, तशीच धरून चालले. सासरे इकडे आले नाहीत. सन १९८० मध्ये ते गेले आणि तार आवक क्रमांक २१७ म्हणून नोंदवली गेली.

"आजी, नीचे पेंसिल से भी कुछ है," पूर्वा म्हणाली. "बहुत हल्का."

"वाच."

"वि-चा-र-लं अ-स-तं-स त-र..." ती थांबली. "विचारलं माने? सोचा?"

"नाही ग. पूछा."

मग तिने एका दमात वाचले. "विचारलं असतंस तर 'राहू' असंच म्हणालो असतो."

मी तिला पुन्हा वाचायला सांगितले. तिने वाचले. ही नोंद सतरा वर्षे माझ्या डोक्यावरच्या माळ्यावर होती. 'पाहिले' झालेली फाईल कोणी परत उघडत नाही, हे त्यांना माहीत होते. म्हणूनच त्यांनी तिथे लिहिले. आणि कदाचित मी कधीतरी उघडेन म्हणूनही.

"मतलब आजोबा यहीं रहना चाहते थे?" पूर्वाने विचारले.

"हो."

"तो आपने पूछा क्यों नहीं?"

मी ती वही बाजूला काढून ठेवली.

त्या संध्याकाळी मी सिस्टर बेनेडिक्टांच्या सांगण्याप्रमाणे उठले आणि जेवणाच्या टेबलापाशी बाळकृष्णांच्या खुर्चीत बसले. ती दाराजवळची आहे. तिथून स्वयंपाकघराच्या खिडकीची जाळी दिसते. ती चौदा महिन्यांनी बसली, पण अजून घट्ट आहे.

कलम ९. माझ्या पतींच्या वस्तू.

त्यांची रेल्वेची शिटी, हिरवा आणि लाल झेंडा, आणि दाढीचा आरसा अनीशला. वही क्रमांक ८ माझ्याबरोबर द्यावी. चितेवर वही ठेवण्यास कोणाची हरकत असेल तर तिच्यातले ते एक पान पुरे.

इतर सर्व वह्या ठेवाव्यात किंवा रद्दीवाल्याला द्याव्यात. कांचन वन्संनी मागितल्यास देऊ नयेत.

कलम १०. माझे अंत्यसंस्कार.

विषयपत्रिका लागणार नाही. तेराव्याला भाषणे करू नयेत. येथल्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीने मला अकरा वर्षे गणपतीत प्रसादाच्या ताटांवर नेमले आणि पत्रव्यवहार अशा सद्गृहस्थांकडे दिला की ज्यांनी एका वर्षी मूर्तीचीच ऑर्डर पाठवली नाही. त्या वर्षी आम्ही फोटोची पूजा केली. मंडळाचा शोकठराव आल्यास आवकमध्ये नोंदवून परत पाठवावा. त्यात शुद्धलेखनाच्या चुका असतील तर लाल शाईने दाखवाव्यात. त्या असतील.

जेवण साधे असावे. भेंडी करू नये, अनीश जेवणार नाही.

कलम ११. घर.

हे घर माझ्या एकटीच्या नावावर आहे आणि माझ्या सहीशिवाय विकता येत नाही, हे श्री. अवस्थी यांना मी दुसऱ्याच दिवशी पत्राने कळवले आहे (जावक क्रमांक ६१). त्यांचे उत्तर आले. त्यांनी माफी मागितली आहे आणि माझ्या तब्येतीची चौकशी केली आहे. अक्षर सुंदर आहे, असे पूर्वा म्हणते.

घराचे मी असे करते. माझा मुलगा अनीश याने मला एक प्रश्न विचारायचा आहे. कोणता, ते त्याला कळावे. तो प्रश्न त्याने मराठीत, स्वतःच्या अक्षरात, मोठ्या अक्षरात लिहावा. त्याखाली 'निर्णयासाठी' असे असावे. लिहून झाल्यावर तो कागद फाईलमध्ये घालू नये. माझ्या खोलीत यावे, पलंगावर बसावे आणि मोठ्याने वाचावा. सलोनीनेही यावे. इतिवृत्त लिहू नये.

असे झाले तर माझे उत्तर काहीही असो, घर माझ्यामागे अनीश व सलोनी या दोघांचे, बिनशर्त. आणि माझ्या हयातीत विकायचे ठरले तर मी स्वतः वाचून, खरोखर वाचून, सही करीन.

असे झाले नाही तर घर पूर्वाचे, आणि ती पंचवीस वर्षांची होईपर्यंत ते कोणाला विकता येणार नाही. मी आहे तोवर याच खोलीत राहीन, बारा फूट बाय दहा फूट चार इंच. माथुरसाहेबांनी माझ्यावर लक्ष ठेवण्याचे आणि मी पेरूंवर लक्ष ठेवण्याचे कबूल केले आहे.

प्रश्न आला तर मी काय उत्तर देईन हे कोणी गृहीत धरू नये. अनीश, तुझे वडील काय म्हणाले असते ते मला सतरा वर्षांनी कळले. तू एवढा थांबू नयेस असे मला वाटते. तू मला सोडून जाणार नाहीस हे मला माहीत आहे. तू मला नेणार आहेस हेही माहीत आहे. पलंग, कपाट आणि टाईपरायटर जसे नेशील तसेच नेशील, जपून, सुतळीने बांधून. मला बांधून नको. दिल्लीच्या त्या खिडकीतून काय दिसते हे मी पूर्वाला विचारले आहे. तिने सांगितले, समोर एक शाळा आहे आणि सकाळी प्रार्थना ऐकू येते. ही फक्त चौकशी होती.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी श्री. मधुसूदन पाध्ये, निवृत्त बँक अधिकारी, यांनी करावी. ते प्रत्येक कागद दोनदा वाचतात. मी हे सर्व त्यांना मोठ्याने वाचायला लावून ऐकले, दोन ठिकाणी सुधारले आणि मग सही केली. या वेळी मी 'पाहिले' लिहिलेले नाही. 'ऐकले' लिहिले आहे.

ऐकले.
सही : सुचित्रा बाळकृष्ण हळबे

आम्हा दोघांच्या समक्ष श्रीमती हळबे यांनी वरील सही केली आणि त्यांच्या समक्ष आम्ही केली. त्या वेळी त्या पूर्ण शुद्धीवर होत्या व आमच्या दोघांच्याही चुका काढीत होत्या.

साक्षीदार १ : नरेंद्रनारायण माथुर, अलीगंज, लखनऊ
साक्षीदार २ : मधुसूदन गोविंद पाध्ये, अलीगंज, लखनऊ

स्थळ : लखनऊ
दिनांक : शुक्रवार, २४ नोव्हेंबर १९९५, दुपारी चार वाजता

जावक क्रमांक ६४
प्रत : श्री. अनीश बाळकृष्ण हळबे, पहिला मजला, याच घरी. ही प्रत माहितीसाठी नाही. 'पाहिले' लिहून परत पाठवल्यास स्वीकारली जाणार नाही. तुझा लेखी प्रश्न रविवार, दिनांक १० डिसेंबर १९९५ रोजी सकाळी दहा वाजण्यापूर्वी माझ्या खोलीत, तुझ्याच हातून मिळावा. त्या दिवशी माझ्या उजव्या डोळ्याची पट्टी निघालेली असेल.